एंगेनचा सात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायऱ्या चारच,
चौथीचा टवका गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या फावड्याने उडाला.
ती चढून आली तेव्हा बुटांना बीटच्या शेतातला काळा चिखल होता,
आणि तो पुसायला तिने इतका वेळ लावला
की मीच खिडकीतून म्हटलं, या, या.

मारिसेला किंतानिया. गाव टेक्सासच्या पार तळाशी.
दर ऑक्टोबरला इथे उत्तरेत येते, रात्रपाळीला बीटचा ट्रक चालवते.
यंदा मुकादमाने परवाना तपासला.
कॉम्प्युटर म्हणाला, निलंबित. न भरलेलं चलन.
कुठल्या कोर्टाचं, ते काही म्हणाला नाही.

कागद?
कागद ट्रकच्या काचेपाशी खोचला होता, ट्रक मालकाचा,
मालकाने तो विकला.

इथे तीन काउंट्या बांधाला बांध लावून बसल्यात.
एकाच रस्त्यावर दहा मैलांत तीन न्यायाधीश बदलतात,
कुठे बदलले ते गव्हालाही कळत नाही.
आधीच्या दोन कोर्टांनी तिला पुढे धाडलं होतं.
मी नावाने शोधलं. जन्मतारखेने शोधलं.
आडनाव क्यूने, केने, सीने.
नाही.

मग विचारलं, आठवतं काय?
धान्याचं कोठार, ती म्हणाली. उंच, पांढरं.
त्यावरचं गावाचं नाव उडालेलं, शेवटचा डी तेवढा उरलेला.
आणि पोलिसाच्या गाडीत मागे कुत्रा होता.
घोरत होता.

एकवीस वर्षं या खिडकीत बसतेय.
लोक तारीख विसरतात, वेग तर सगळेच विसरतात,
पण पुरावा म्हणून
कुणी घोरणं आणलं नव्हतं.

ऑर्लिन एंगेन!
ड्यूटीवर कुत्रा न्यायला बंदी होती,
आख्ख्या काउंटीला ठाऊक, शेरीफ सोडून.

तळघरात त्याचं खोकं. त्यात पिवळी प्रत.
ऑर्लिनचा सात अगदी एकासारखा,
डोक्यावर टोपी आहे की नाही, भिंगातून बघावं लागतं.
कॉम्प्युटरमध्ये म्हणून तिचा जन्म एकोणीसशे अकराचा.
इतक्या म्हातारीला आम्ही बीटचा ट्रक पळवल्याबद्दल दंड केला
आणि कुणाला काही वाटलं नाही.
घर नंबर सातची नोटीस एक नंबरला गेली,
तिथे, ती म्हणाली, नुसता पाया आहे. घर वादळात गेलं.

टाइप कुणी केलं होतं?
खाली आद्याक्षरं माझीच.
मला ऑर्लिनचा सात ओळखता येत होता. सगळ्यांत आधी मलाच.
त्या आठवड्यात माझं लक्ष कुठे होतं
ते मला ठाऊक आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

न्यायाधीश एक गुरुवार सोडून एक येतात, आज सोमवार.
फोन केला तर ते कंबाइनवर, सोयाबीनमध्ये.
काय? म्हणाले. काय? मी पुन्हा सगळं ओरडून सांगितलं.
इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.
उशिराचा दंड माफ, म्हणाले, निलंबन आजच उठव,
आणि आर्डिस, तिला खुर्ची दे.
ती तासभर उभीच होती.

उरला मूळ दंड, वेगाचा.
मी वाचलं, पंचावन्नच्या हद्दीत एकसष्ट.
ती म्हणाली, नाही हो, सदुसष्ट होता. मला आठवतं.
मी कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला.
टोपी होती. बारीक, पण होती.
इथे एकसष्ट लिहिलंय, मी म्हटलं,
आणि सहाच मैलांचे पैसे घेतले.

तिने पावतीवर सही केली, खाली तारीख घातली: सात.
तिचा सात वेगळा, कमरेला आडवा पट्टा बांधलेला,
कुणाचा बाप त्याला एक म्हणणार नाही.

दारातून वळून तिने कुत्र्याचं विचारलं.
म्हटलं, ॲरिझोनाला गेला, ऑर्लिनबरोबर.
ऑर्लिन गेलाय एवढं खरं.